बाणगंगा नेमकी कोणती? एका नामसूचीच्या नोंदी

२ जून

आजपासून बाणगंगा. एकाच नावाचे ओढे, नद्या, कुंडं, तळी, वस्त्या वेगळ्या करायच्या, प्रत्येकीला स्वतंत्र नोंद द्यायची आणि सगळ्यांच्या वर विकिपीडियावर एक निःसंदिग्धीकरण पान, म्हणजे एकाच नावाच्या सगळ्या लेखांची वाट दाखवणारी यादी, ठेवायचं, असं काम आहे. पूर्णा, मुळा, भोगावती ही नावंही रांगेत आहेत. तरी पहिली बाणगंगा घेतली, कारण हीच सर्वांत अडचणीची. पूर्णा म्हटलं की बहुतेक वेळा नदीच निघते. बाणगंगा म्हटलं की नदी, ओढा, झरा, तलाव, खिंड, नगरपालिका, पोलीस ठाणं, यातलं काहीही निघू शकतं.

कच्ची यादी अशी. महाराष्ट्रात: मुंबईत वाळकेश्वरचा तलाव, फलटणची नदी, नाशिक जिल्ह्यात ओझरवरून जाणारी, धाराशिव जिल्ह्यात भूमची. बाहेर: राजस्थानात बैराठची, हिमाचलात कांगड्याची, जम्मूत कटऱ्याची, हरियाणात कुरुक्षेत्राची, बिहारात राजगीरची, मध्य प्रदेशात शहडोलचं कुंड आणि इंदूरची वस्ती, नेपाळात कपिलवस्तूची. वाढणार हे नक्की.

विकिडेटावर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक माहितीकोठारात, लगेच काही भरायचं नाही. दोन बाणगंगा एका क्रमांकाखाली गेल्या की अक्षांश-रेखांश, लांबी, छायाचित्रं सगळं एकमेकांत मिसळतं, आणि ते सोडवायला नव्याने लिहिण्याच्या दुप्पट वेळ लागतो. आधी यादी, मग ओळख, मग नोंद.

४ जून

नावापुढच्या कंसात काय लिहायचं, यावर आजचा सगळा वेळ गेला.

रूढ पद्धत जिल्ह्याची: मुळा (पुणे), मुळा (अहमदनगर). लिहायला सोपी आणि वाचणाऱ्याला लगेच कळणारी. पण जिल्हा पाण्याने ठरत नाही, कचेरीत ठरतो. १९८१ला जालना आणि सिंधुदुर्ग, १९८२ला लातूर आणि गडचिरोली, १९९८-९९मध्ये नंदुरबार, वाशीम, हिंगोली, गोंदिया, २०१४ला पालघर, असे जिल्हे फुटत गेले. मग उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर. दर वेळी कंस बदला, जुन्या नावावरून पुनर्निर्देशन ठेवा, आणि ज्या लेखांनी जुना दुवा दिला होता ते शोधत बसा.

शिवाय नदी जिल्ह्याच्या हद्दीवर थांबत नाही. तापीला मिळणारी पूर्णा बैतूलच्या डोंगरात निघते आणि अमरावती, अकोला, बुलढाणा करत जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीत जाते. तिला कोणत्या जिल्ह्याची म्हणायचं? ज्याने लेख लिहिला त्याच्या जिल्ह्याची, असाच आजवरचा शिरस्ता दिसतो.

म्हणून ठरवलं की वाहत्या पाण्याच्या कंसात ते ज्याला मिळतं त्याचं नाव. मुळा (प्रवरेची उपनदी): मुळा धरणाची, नेवाशाकडे प्रवरेला मिळणारी. मुळा (मुठेशी संगम पावणारी): मुळशीची. हा कंस सरकारी राजपत्र निघालं म्हणून बदलत नाही. सहकाऱ्याचं म्हणणं, 'वाचकाला प्रवरा कुठे आहे हे माहीत नसेल तर?' तर तो दुव्यावर टिचकी मारेल. दुवे असतात कशासाठी!

७ जून

नियम बाणगंगेला लावण्याआधी इतर समनामी नद्यांवर तपासला.

पूर्णा तीन. एक तापीला, एक गोदावरीला (येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं हिच्यावर), तिसरी नवसारीजवळून थेट अरबी समुद्राला. तिन्ही स्वच्छ सुटल्या. पूर्णा हे रेल्वे जंक्शनचं गाव गोदावरीवाल्या पूर्णेमुळे आलेलं, त्याची नोंद 'शहर' म्हणून वेगळी.

मोर्णा दोन: अकोल्यातून जाऊन पूर्णेला मिळणारी आणि शिराळ्याकडची, वारणेला मिळणारी. बोरी दोन: पारोळा-अमळनेरची तापीला, नळदुर्गच्या किल्ल्यातल्या पाणी महालाची भीमेला. अरुणावती दोन: शिरपूरची तापीला, यवतमाळकडची पैनगंगेला. कुंडलिका दोन: रोह्याची समुद्राकडे जाणारी आणि जालना शहरातली, दुधनेच्या खोऱ्यातली. भोगावतीही किमान दोन: राधानगरीची पंचगंगेत जाणारी आणि बार्शीकडची सीनेच्या खोऱ्यातली.

सगळ्या सुटल्या. एकाच नदीला मिळणाऱ्या एकाच नावाच्या दोन उपनद्या या यादीत तरी नाहीत, आणि ते साहजिकही आहे. एका खोऱ्यातली माणसं एकमेकांकडे येतात-जातात, बाजार एक, सोयरीक एक. तिथे एकाच नावाच्या दोन नद्या चालवून घेणं अवघड जातं. खोरं बदललं की तेच नाव पुन्हा ठेवायला कुणाची हरकत नसते. जिल्ह्यापेक्षा संगमाचा कंस भरवशाचा वाटतो तो यासाठीच.

९ जून

विकिडेटाने आज दोन नोंदी परत पाठवल्या. बरंच झालं. तिथे एका भाषेत नाव आणि वर्णन दोन्ही सारखी असलेल्या दोन नोंदी चालत नाहीत. 'बाणगंगा – महाराष्ट्रातील नदी' एकदा घेतलं, दुसऱ्यांदा घेत नाही. आता वर्णनं अशी: 'नीरेची उपनदी, फलटण शहरातून वाहते', 'गोदावरी खोऱ्यातील नदी, ओझरवरून वाहते'. कंस तिथे नावात घालायचा नसतो, वेगळेपण वर्णनात द्यायचं. विकिपीडियाच्या शीर्षकात मात्र कंसच लागतो. दोन ठिकाणचे दोन रिवाज, दोन्ही पाळायचे.

'कशाला मिळते' हा गुणधर्म पी ४०३. तो प्रत्येक प्रवाहाला भरायचाच. आणि पी १८८९, म्हणजे 'हिच्याहून वेगळी', हा गुणधर्म समनामींना परस्पर जोडायचा. पुढे कुणी उत्साहाने दोन नोंदी एक करायला गेला की निदान तिथे अडेल.

१२ जून

वाळकेश्वर. इथे संगमाचा नियम थांबतो, कारण मिळायला प्रवाहच नाही. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेला गोड्या पाण्याचा, झऱ्यावर भरणारा, चहूबाजूंनी दगडी पायऱ्यांचा तलाव. मूळ बांधणी शिलाहारांच्या काळातली मानतात. १७१५मध्ये जीर्णोद्धार झाला, त्यामागे रामा कामती यांचं दान होतं. देखभाल गौड सारस्वत ब्राह्मण मंदिर न्यासाकडे.

आधी असलेल्या एका नोंदीत याला 'नदी' हा प्रकार दिलेला होता. नावात गंगा दिसली की यंत्र नदी समजतं, आणि यंत्राकडून उतरवून घेणारा माणूसही. प्रकार बदलून 'तलाव' केला. कंस: बाणगंगा तलाव (वाळकेश्वर). जे वाहत नाही त्याला जागेचा कंस. इथे जिल्हाही नको, वस्तीचं किंवा देवळाचं नाव पुरतं. वस्त्यांची नावं जिल्ह्यांपेक्षा चिवट असतात.

१८ जून

एक नाव इतक्या ठिकाणी का, हे निःसंदिग्धीकरण पानात लिहायचं नसतं. पण आम्हाला समजून घ्यावं लागलं, कारण कथांमुळेच नोंदी एकमेकींत अडकल्या आहेत.

कथा सगळीकडे एकच: कुणाला तरी तहान लागली, बाण मारला, जमिनीतून पाणी आलं. वाळकेश्वरला मारणारा राम. बैराठला अर्जुन, तिथल्या नदीला 'अर्जुन की गंगा' असंही म्हणतात. कटऱ्याला खुद्द देवी, वैष्णोदेवीच्या वाटेवर. कुरुक्षेत्रात तर दोन जागा आहेत. नरकातारीला भीष्मकुंड, म्हणजे शरपंजरी पडलेल्या भीष्मांसाठी अर्जुनाने काढलेलं पाणी. दयालपूरला दुसरी बाणगंगा, तिची गोष्ट घोड्यांच्या तहानेची. महाभारतात हे दोन वेगळे प्रसंग आहेत, एक भीष्मपर्वात, एक द्रोणपर्वात. आमच्याकडे आलेल्या कच्च्या मजकुरात मात्र दोन्ही जागा एक करून एकच प्रसंग सांगितलेला. त्या वेगळ्या केल्या.

गंमत विराटाची आहे. बाणगंगा जिथे अर्जुनाच्या नावाने सांगतात तिथे काही वेळा जवळपास विराटाचं नावही असतं. राजस्थानात बैराठ, तिथे अशोकाचा शिलालेखही सापडलेला. शहडोलजवळ सोहागपूरचं विराटेश्वर मंदिर, आणि बाणगंगेचं कुंड, जिथे मकरसंक्रांतीला जत्रा भरते. नेपाळात विराटनगर आहे. आणि आपल्याकडे वाईला विराटनगरी म्हणतात, शेजारी पांडवगड, वैराटगड. अज्ञातवास एका वर्षाचा होता, पण पांडव राहून गेले नाहीत असं खोरं शोधूनच काढावं लागेल.

नोंदींसाठी यातून नियम निघाला. कथा हा ओळखीचा पुरावा नाही. 'अर्जुनाने बाण मारला ती' या वर्णनावरून कोणतीही नोंद दुसरीत मिसळायची नाही. कथा प्रत्येक लेखात खुशाल लिहावी, ओळखीच्या रकान्यात घेऊ नये.

१९ जून

कालच्यालाच पुरवणी. गंगेची तीन रूपं सांगतात: स्वर्गात मंदाकिनी, पृथ्वीवर भागीरथी, पाताळात भोगावती. बाण मारून वर आणलेलं पाणी पाताळातलं, म्हणजे बाणगंगा, पाताळगंगा, भोगावती ही तिन्ही नावं एकाच कल्पनेतली. आमच्या रांगेत तिन्ही आहेत, आणि तिन्ही एकापेक्षा जास्त ठिकाणी आहेत, यात नवल उरलं नाही. जिथे झरा जमिनीतून फुटतो तिथे ही नावं सहज पडतात.

२५ जून

अक्षरांचा गुंता. मराठीत बाणगंगा, हिंदीत बानगंगा, आणि दोन्हीकडे कधी जोडून, कधी तोडून. रोमी लिपीत गेलं की ण आणि न एक होतात, आणि परत देवनागरीत आणणारा आपल्या मर्जीने काहीही आणतो. वैनगंगेचं एक पान असंच 'बाणगंगा' म्हणून आलं होतं. ते परत पाठवलं.

त्याहून कठीण जोडी बाळगंगा. रायगडात पेणकडची बाळगंगा नदी स्वतंत्र आहे, तिचा बाणाशी संबंध नाही. उत्तराखंडात घनसालीला भिलंगनेला मिळणारी बालगंगा तिसरीच. आणि कटऱ्याच्या बाणगंगेला 'बालगंगा' हे पर्यायी नाव आहेच: देवीने तिथे केस धुतले म्हणून, बाल म्हणजे केस. एका जागेची दोन नावं, त्यातलं दुसरं नाव दुसऱ्या दोन नद्यांचं.

निर्णय: बाणगंगेच्या पानाच्या तळाशी 'हेही पाहा: बाळगंगा'. बाळगंगेचं पान वेगळं. कटऱ्याची नोंद दोन्ही पानांवर, पण दुवा एकाच लेखाकडे. हिंदी आणि नेपाळी लिखाणं पर्यायी नावांच्या रकान्यात, शीर्षकात नाही.

५ जुलै

नकाशे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पत्रकांत ४७ क्रमांकाचा चौकोन १६ ते २० अक्षांशांचा, ४६ त्याच्या वरचा. म्हणजे फलटणची बाणगंगा ४७मध्ये आणि ओझरची, नाशिकच्या किंचित उत्तरेला असल्यामुळे, ४६मध्ये. निव्वळ पत्रकाच्या क्रमांकावरूनही या दोघी वेगळ्या ठेवता येतात. पत्रक चाळणाऱ्या मुलांना हे सांगितलं की चुकीच्या गठ्ठ्यात हात जात नाही.

या पत्रकांवर वाहतं पाणी निळं आणि कोरडे नाले काळे छापतात. लहान बाणगंगांच्या रेघा बऱ्याच ठिकाणी काळ्या आहेत. पाहणाऱ्याला वाटतं ती पायवाट, नाव शेवटपर्यंत दिसतच नाही. निळंच शोधत बसलं तर यादीतल्या कितीतरी सुटतील.

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून काढलेल्या खुल्या नकाशावर नदी आणि ओढा हे दोन वेगळे प्रकार आहेत. तिथला अंगठेनियम मला आवडतो: धडधाकट माणूस उडी मारून ओलांडू शकला तर ओढा, नाही तर नदी. आपल्याकडे याची फजिती होते. मे महिन्यात उडी मारायचीही गरज नसते आणि ऑगस्टमध्ये पूल बंद असतो. म्हणून नदी की ओढा हे पात्राच्या रुंदीवरून ठरवायचं, पाण्यावरून नाही, आणि 'हंगामी' ही खूण जोडायची. रेघ काढताना दिशा प्रवाहाची. उलटी काढली तर नकाशात संगमच उगम होतो, आणि आमचा कंसाचा सगळा डोलारा त्या दिशेवरच उभा आहे.

कोकणातले व्हाळ आणि पऱ्ह्ये, म्हणजे तिथले लहान ओढे, आता घेत नाही. त्यांना एका नावाखाली आणणं म्हणजे वेगळा प्रकल्प.

७ जुलै

यंत्राने केलेल्या नोंदींवर बोलणं झालं. फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेच्या विकिपीडियात लाखो लेख आहेत, त्यातले बहुतेक एलएसजेबॉट या प्रोग्रामने तयार केलेले, आणि त्यातले जागांचे लेख जिओनेम्स या जगभरच्या स्थळनामांच्या सूचीवरून. जगातला बारीकसारीक ओढाही तिथे लेख होऊन बसलाय. हेच लेख विकिडेटात नोंदी होऊन आले. अशा नोंदीत नदीला लांबी नसते, उगम नसतो, संगम नसतो, एक ठिपका असतो. तो ठिपका संगमाजवळ असू शकतो, मधे कुठेही असू शकतो. एका नदीचे दोन ठिपके असले की दोन नद्या, आणि जवळजवळच्या दोन नद्यांचे ठिपके कुणी एक केले की एक नदी.

आमचा मार्ग: ठिपका नकाशावर टाकायचा, जवळच्या प्रवाहाची रेघ खाली संगमापर्यंत बोटाने नेत जायचं. संगम एक निघाला तर नोंदी एक. नाही निघाला तर ठिपके कितीही जवळ असोत, नोंदी दोन. अंतर मोजून ठरवायचं नाही. डोंगराच्या दोन अंगांचे दोन ओढे अर्ध्या किलोमीटरवर असतात आणि एक अरबी समुद्राला जातो, दुसरा बंगालच्या उपसागराला. सह्याद्रीत हे रोजचं आहे.

१४ जुलै

फलटण. नदी शहरातून जाते आणि पुढे नीरेला मिळते, एवढं कागदावर स्पष्ट. स्थानिक नावांसाठी तिथल्या एका वयस्कर गृहस्थांना फोन लावला.

'काका, बाणगंगेला वरच्या गावांत काय म्हणतात?'

'कुठली बाणगंगा? नदी म्हणा की. नदीवर चाललो म्हटलं की कळतंय इथं सगळ्यांना.'

'आणि वर, उगमाकडं?'

'तिकडं वढा.'

झालं, संपूर्ण नामव्यवस्था दोन वाक्यांत. काठावरच्या माणसाला नावाची गरज नसते, त्याच्याकडे नदी एकच. पूर्ण नाव लागतं ते पूल बांधणाऱ्याला, बातमी लिहिणाऱ्याला आणि आमच्यासारख्यांना. पर्यायी नावांच्या रकान्यात 'नदी' आणि 'ओढा' लिहिता येत नाही, पण चर्चापानावर ही नोंद ठेवली: 'स्थानिक बोलण्यात विशेषनाम क्वचित.' नाव न सापडणं म्हणजे प्रवाह नसणं नव्हे, हे पुढच्या स्वयंसेवकाला कळलं पाहिजे.

धाराशिवकडच्या नोंदीत उलटं आहे. तिथे बाणगंगा आणि रामगंगा हे दोन मध्यम प्रकल्प आहेत, आणि शोधल्यावर नदीपेक्षा प्रकल्पाचेच कागद जास्त येतात: साठा, पातळी, विसर्ग. धरणाची नोंद वेगळी, नदीची वेगळी. धरणातला साठा नदीच्या लेखात भरायचा नाही.

२२ जुलै

राजस्थानची बाणगंगा. हिच्यावर हवा तेवढा वेळ द्यायचा असं आधीच ठरवलं होतं.

बैराठच्या डोंगरात उगम, जयपूर, दौसा, भरतपूर असा प्रवास. पुस्तकी भूगोलात ही यमुनेची उपनदी, त्यामुळे आमच्या नियमाने कंसात 'यमुनेची उपनदी'. पण पाणी यमुनेपर्यंत जातं कुठे? वाटेतच पहिला अडसर जमवा रामगढचा बांध, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जयपूर संस्थानाने हाती घेतलेला. या तलावाने जयपूरला पाणी पाजलं. १९८२च्या आशियाई खेळांतली नौकास्पर्धा याच पाण्यावर झाली. नंतर पाणलोटात अडथळे वाढले, आवक तुटली आणि तलाव वर्षानुवर्षं कोरडा पडून राहिला. ज्या ठिकाणी आशिया खंडातले नावाडी आले तिथे जमीन भेगाळलेली.

खाली भरतपूरला बाणगंगा आणि गंभीर या दोन नद्यांचं पुराचं पाणी एका सखल खोलगटात पसरायचं. केवलादेवचं पक्षी अभयारण्य त्याच खोलगटात वसलं, १९८५मध्ये जागतिक वारसा झालं. बाणगंगेचा हात आखडल्यावर त्या पाणथळीला पाण्यासाठी दुसरीकडे बघावं लागलं.

तर प्रश्न: जी नदी संगमापर्यंत पोचत नाही तिच्या कंसात संगम लिहायचा का? सहकाऱ्यांत दोन तट पडले. एकाचं म्हणणं, पाणी नाही तर संगम नाही, खोऱ्याचं नाव लिहा. माझं म्हणणं, पात्र आहे, उतार आहे, मोठा पूर आला तर पाणी त्याच दिशेने जाणार. नदीची ओळख उताराने ठरते, एखाद्या दशकातल्या पाण्याने नाही. बांध माणसाने घातलाय, उतार नाही. शेवटी शीर्षकात 'यमुना खोरे' आणि पी ४०३मध्ये यमुना असं ठरलं, आणि लेखात पहिल्याच परिच्छेदात प्रत्यक्ष स्थिती. ही तडजोड आहे आणि मला ती पूर्ण पटलेली नाही. पण वाचकाला तिथे नदी वाहताना दिसेल असं सुचवणारा कंस नको, हा त्यांचा मुद्दा खोडता आला नाही.

ओझरच्या नोंदीलाही हाच साचा लावला: बाणगंगा (गोदावरी खोरे, नाशिक). आणि जाता जाता, ओझर हेही एक नाही. विघ्नहराचं ओझर जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या काठी. बाणगंगेचं ओझर म्हणजे विमानांच्या कारखान्याचं. एका नोंदीत अष्टविनायकाचं देऊळ बाणगंगेच्या काठावर आणून बसवलं होतं.

३ ऑगस्ट

वाहत्यांचं बरंचसं आटोपलं, आता उभ्या जागा.

राजगीर: डोंगरांच्या दक्षिणेकडच्या फटीतून बाणगंगा बाहेर पडते, आणि त्या खिंडीच्या दोन्ही अंगांना मगधाच्या जुन्या राजधानीची अजस्र दगडी तटबंदी आहे. लोक 'बाणगंगा' म्हणतात तेव्हा बहुधा खिंड म्हणतात, प्रवाह नाही. दोन नोंदी केल्या.

कांगडा: किल्ला बाणगंगा आणि मांझी यांच्या संगमावर. नोंद नदीची, बियास खोरे. किल्ल्याच्या लेखातून दुवा.

कपिलवस्तू: नदी, आणि तिच्या नावाची नगरपालिका. तिलौराकोटचे अवशेष या नदीकाठी, आणि जगदीशपूर जलाशयात पाणी हिचंच येतं. तो जलाशय २००३पासून पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. नदी, नगरपालिका, जलाशय: तीन नोंदी, नाव पहिल्या दोघींचं.

इंदूर: वस्ती आणि त्याच नावाचं पोलीस ठाणं. बातम्यांत 'बाणगंगा' हा शब्द सर्वाधिक वेळा येतो तो या ठाण्यामुळे, चोऱ्या-माऱ्यांच्या संदर्भात. शोधयंत्राला हे वजन दिसतं. पानावर मात्र क्रम वजनाने लावायचा नाही.

क्रम ठरला तो असा: आधी प्रवाह, खोऱ्यांनुसार; मग कुंडं-तलाव-खिंडी; मग वस्त्या आणि संस्था. नाव बहुधा याच दिशेने सरकतं. पाण्यावरून घाटाला, घाटावरून वस्तीला, वस्तीवरून ठाण्याला. पाणी आटलं तरी ठाण्याचं नाव कोणी बदलत नाही.

१६ ऑगस्ट

उलटा प्रश्न आला, तोही नोंदवून ठेवतो: एकाच पाण्याला दोन नावं. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे भीमाच. तिथे नदी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तेवढ्या पट्ट्याला ते नाव. दर्यापूरकडची चंद्रभागा मात्र खरीच वेगळी, पूर्णेच्या खोऱ्यातली. चिनाबचं प्राचीन नाव चंद्रभागा, आणि कोणार्कजवळ समुद्रकिनारी चंद्रभागा तीर्थ.

आमच्या नियमाने पंढरपूरच्या चंद्रभागेला स्वतंत्र नोंद मिळत नाही, कारण तिचा स्वतंत्र संगम नाही. पण तिला नुसतं भीमेकडे पुनर्निर्देशित केलं तर वारकरी वाचक काय म्हणेल ते सांगायला नको. 'नदीचा भाग' असा प्रकार देऊन नोंद ठेवली, 'भीमेचा पंढरपूर येथील प्रवाह' या वर्णनासह. प्रवाह म्हणून ती भीमा, स्थळ म्हणून चंद्रभागा. दोन्ही खरं.

२४ ऑगस्ट

निःसंदिग्धीकरण पान चढवलं. प्रत्येक ओळीत एकच दुवा, वर्णन एका वाक्यात, कथा नाही, छायाचित्र नाही. 'बाणगंगा' या मोकळ्या, कंस नसलेल्या नावावर कोण बसणार, यावर शेवटपर्यंत ओढाताण होती. मुंबईकरांना तलाव हवा होता, वाचकसंख्याही त्यांच्या बाजूने. पण फलटणच्या किंवा भूमच्या शाळेतलं पोर नाव टाकून आलं आणि थेट मलबार हिलवर उतरलं, हे बरं नाही. मोकळ्या नावावर यादीच ठेवली. तलावाच्या लेखाला एक टिचकी जास्त पडेल.

पी १८८९चे दुवे अजून भरायचे आहेत. कंटाळवाणं काम आहे, वाटून घेऊ.

२ सप्टेंबर

पुढचं नाव पाताळगंगा. हाती आलेल्या तीन: रायगडातली खोपोली-रसायनीची, चमोलीत अलकनंदेकडे जाणारी, आणि श्रीशैलमला कृष्णेवरचा घाट. पहिल्या दोन वाहत्या, तिसरी जागा. श्रीशैलमचं पाणी कृष्णेचंच असल्यामुळे तिथे चंद्रभागेचा साचा लागू.

रायगडच्या पाताळगंगेत खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून सुटलेलं पाणीही येतं, म्हणजे घाटावर अडवलेलं पाणी बोगद्यांतून आणि नळांतून उतरून कोकणात वाहतं. उताराचा माझा मुद्दा इथे माणसाने मोडलाय. सहकाऱ्याने तो लगेच पुढे केला. तरी कंस संगमाचाच, कारण पाणी कुठूनही आलं तरी जातं धरमतरच्या खाडीत. खाडी लिहायची की अरबी समुद्र? खाडी लिहिली.